गावच्या यादीत

रविवारी सकाळी अकरा वाजता, खडकवासल्याच्या पुढे असलेल्या आमच्या गावात ग्रामसभा भरली. विषय एकच होता: नव्या चारशे फ्लॅटना परवानगी द्यायची का?

विरोधात मी वीस मिनिटं बोललो. आत्ताच पाणी एक दिवसाआड येतं, मग तेही मिळणार नाही, हे आकड्यांसह पटवून दिलं. "हे आपलं गाव आहे," असंही म्हणालो. आमच्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या.

हात वर करून मतदान झालं. बाजूने एकेचाळीस, विरोधात आम्ही नव्वद. सरपंच दीपमालाताईंनी मतदारयादी उघडली.

"साहेब, यात तुमचं नाव दिसत नाही."

"ते अजून कसबा पेठेत आहे. शहरातला पत्ता बरा दिसतो."

मागे बसलेले रंगराव म्हणाले, "म्हंजे पाणी गावचं हाय, साहेब तेवढे पेठेतले हायत."

सोसायटीतले हात एकेक करून खाली आले. विरोधात एकेचाळीसच उरले. ताईंनी निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला.

नाव गावात आणण्याचा अर्ज मी त्याच दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. काल संध्याकाळपर्यंत तो कोणीही भरलेला नव्हता. मीसुद्धा.