पहिल्या गोलाची अस्वलं

गोफर्सनी गोल केला आणि हजारो कापडी अस्वलं बर्फावर कोसळली.

हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण सध्या शेवटचं सत्र चालू आहे, फळ्यावर दोन्हीकडे शून्य आहे, आणि अख्खं स्टेडियम मांडीवर अस्वल घेऊन बसलं आहे.

गोफर्स या आइस हॉकी संघाचं समाजकार्य ट्रूडी विबे बघते. शाळांमध्ये गोष्टी वाचून दाखवायला खेळाडू पाठवणं, रक्तदान, आणि नाताळच्या तोंडावर ही अस्वलं. रिवाज असा की घरच्या संघाचा पहिला गोल झाला की ती बर्फावर फेकायची, ट्रकमध्ये भरायची आणि नदीपलीकडच्या मुलांच्या इस्पितळात पोचवायची. गोलाआधी फेकायची नाहीत. गेल्या वर्षी गोल झालाच नाही. लोक अस्वलं घेऊन घरी गेले आणि वॉर्डातल्या मुलांना संघाची कॅलेंडरं मिळाली. त्यांवर त्याच खेळाडूंचे फोटो होते. दोन मुलं रडली.

ट्रूडीचा फोन वाजला. ट्रकवाला गॉर्ड.

"मॅडम, बाहेर उणे पस्तीस आहे. इंजिन बंद केलं तर वसंतातच चालू होईल."

"मग चालू ठेव."

"चालूच आहे. पण सिस्टर म्हणते, नऊला वॉर्डाचे दिवे बंद. मग सांताक्लॉज आला तरी दार उघडायची नाही."

"होतोय रे गोल."

"कोण करतंय?" गॉर्डने खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं.

ट्रूडीला बसवेना. ती पायऱ्या चढली, उतरली, एका अनोळखी माणसाचे पॉपकॉर्न खाऊन आली. पाहुण्यांचा गोलकीपर किम्मो सगळं अडवत होता. गुडघ्याने, हेल्मेटने, एकदा तर पाणी पिता पिता.

किम्मोच्या जाळीमागे, काचेपलीकडे, म्हातारा ऑरेस्ट बसतो. रबरी चकती, म्हणजे पक, जाळीत गेला की त्याने बटण दाबायचं आणि लाल दिवा लावायचा. ट्रूडी त्याच्याकडे पोचली.

"ऑरेस्टकाका, काहीतरी करा ना."

"पोरी, मी दिवा लावतो. गोल करणं दुसऱ्या खात्याकडे आहे."

"नीट बघताय तरी ना?"

"बघतोय. बघता बघता दोन कॉफ्या झाल्यात." तो अवघडून उठला. "आलोच जाऊन. बस इथे. आणि हात खिशात ठेव."

"तेवढ्यात गोल झाला तर?"

"यांचा?" असं म्हणून तो गेला.

ट्रूडी बसली. तिचा गुडघा थडथडत होता. तेवढ्यात समोर पाच जण किम्मोच्या अंगावर पडले. काठ्या, हातपाय, बर्फाचा भुगा. पक कुठे दिसेना.

लाल दिवा लागला.

भोंगा वाजला. पंच काही बोलायला गेला, तेवढ्यात त्याच्या तोंडावर एक पांडा बसला. मग अस्वलांचा असा मारा झाला की खेळाडू बाकांकडे पळाले आणि जाळीच्या जागी टेकडी उभी राहिली. स्वयंसेवकांनी पलीकडच्या टोकापासून भरायला सुरुवात केली.

"गॉर्ड, पळ!" ट्रूडी फोनवर ओरडली. ट्रक भरला तेवढा घेऊन गॉर्ड पळाला.

थोड्या वेळाने सिस्टरचा फोन आला. "हळू बोला. दिवे बंद केलेत. एकूण एक पोर अस्वलाला मिठी मारून झोपलंय."

ट्रूडीचा गुडघा थांबला.

बर्फावर आता जाळीपुढची टेकडी उपसत होते. तिच्या तळाशी किम्मो निघाला. फेंगडा बसलेला, पापण्यांवर कापूस, डावा हात वर. त्याने हातमोजा उघडून पंचापुढे धरला. आत पक होता.

पंचाने ट्रूडीकडे पाहिलं. ट्रूडीने दोन्ही हात खिशात घातले.

"प्रेक्षकांनी लक्ष द्यावं," ध्वनिक्षेपकावरून आवाज आला. "गोल झालेला नाही. सामना पूर्वस्थितीत आणणं बंधनकारक असल्याने, मुलांच्या इस्पितळातील सर्व बालरुग्णांना लीगतर्फे नम्र विनंती करण्यात येते की, त्यांनी आपापली अस्वलं घेऊन तातडीने स्टेडियमवर यावं व पहिला गोल होईपर्यंत ती संबंधित प्रेक्षकांच्या मांडीवर ठेवावीत."