फुलीवरून गेलेला दोरा

“का ते विचारू नकोस गं, वहिनी. त्रिकोणाची बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन. तिन्ही वेळा उत्तर सारखंच. पाठ कर आणि मोकळी हो!” नणंद वैतागली.

“पाठ करूनच मागच्या खेपेला आपटले,” वहिनी म्हणाली. “आज कळलं नाही, तर उद्या पेपरला बसायचीच नाही मी.”

वहिनीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नणंदेने कपाळावर हात मारला आणि वहिनीची भरतकामाची गोल रिंग ओढून घेतली. तिच्यात कापड ताणलेलं होतं आणि मधोमध खडूची फुली होती. नणंदेने काठाला लागून तीन टाचण्या टोचल्या, दोऱ्याचा त्रिकोण केला. खालची बाजू लाल, बाकीच्या पांढऱ्या.

“वरची टाचणी काठाकाठाने सरकव. तिथला कोन बदलतच नाही, बघ.”

“चल, काहीतरीच!”

वहिनीने त्या कोनाएवढा कागद कापला. टाचणी सरकवली, कागद लावला. चपखल बसला. आणखी सरकवली, तरी बसला. तिला हसूच फुटलं.

नक्षी नेहमी फुली धरून काढायची सवय. टाचणी सरकवता सरकवता तिने एक पांढरा दोरा नेमका फुलीवरून नेला.

“अगं, हा व्यास झाला!” नणंद सरसावून बसली. हे काही तिने ठरवलं नव्हतं. “म्हणजे समोर, लाल दोऱ्याच्या टोकाशी...”

“काटकोन!” वहिनीने वहीचा कोपरा लावून पाहिला. काटकोनच होता.

आता दोघीही रिंगवर वाकल्या.

“कोन तर तोच आहे,” वहिनी सावकाश म्हणाली. “मग त्याचा साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, लाल भागिले व्यास. आणि लाल भागिले साइन म्हणजे... अगंबाई! व्यासच की!”

तिला इतका आनंद झाला, की तिने नणंदेच्या पाठीत धपाटाच घातला.

“आणि बाकीच्या दोन बाजूंना...” नणंदेने पाठ चोळत तोंड उघडलं. वहिनीने त्यावर हात ठेवला.

तेवढ्यात वहिनीचा नवरा दारातून डोकावला. “काय ठरलं मग? उद्या बसणार की नाही?”

“पहाटेचा गजर लावा,” वहिनी मान वर न करता म्हणाली. “आणि हिला आधी बाहेर न्या. उरलेल्या दोन बाजू माझ्या मी काढणार आहे.”