धुतलेला कचरा

रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला गल्लीतली माणसं चिमटे आणि पिशव्या घेऊन देवळाच्या पायऱ्यांशी जमली. घरटी एक माणूस, असा मंडळाचा नियम. मित्सुए सगळ्यांच्या आधी आली होती. तिच्या ॲप्रनचे दोन्ही खिसे फुगलेले होते.

कचरा मात्र औषधालाही नव्हता. दर महिन्याला झाडून काढलेल्या गल्लीत तो राहणार कुठून? तरी सगळे वाकून वाकून शोधत होते. रिकामी पिशवी घेऊन घरी जायची लाज वाटते ना!

"पुढच्या महिन्यापासून बंदच करू या हे," मंडळाचे अध्यक्ष ओगिसो कमरेवर हात ठेवून म्हणाले. "कचराच नाही, तर उचलायचं काय? एकमेकांना?"

सगळे हसले. मित्सुएने फुगलेल्या खिशांवर हात ठेवले. तिच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, तिला बोलवायला हाताशी पितळी घंटा. महिन्यातला हा एकच तास नवरा आईजवळ बसायचा, तोही मंडळाचा नियम म्हणून. बाकीचे सगळे तास घंटेचे.

ती गुपचूप देवळामागे गेली. खिशातून कॉफीचे तीन रिकामे कॅन आणि एक बाटली काढून तिने झुडपाखाली टाकली. जन्मात पहिल्यांदाच ती उघड्यावर काही टाकत होती.

"अहो अध्यक्षसाहेब, इकडे या! केवढा कचरा बघा!"

सगळे धावत आले. शेजारच्या हात्सुमीबाईंना तर आनंदच झाला. ओगिसोंनी चिमट्याने एक कॅन उचलला, उलटा धरला. थेंबही पडला नाही. त्यांनी तो नाकाशी नेला. मग बाटली पाहिली.

"हे धुतलेलं आहे," ते म्हणाले. "बाटलीचं लेबलसुद्धा काढलंय. बाहेरचा माणूस धुऊन टाकेल होय? हा आपल्याच गल्लीतला कोणीतरी आहे."

काल ओट्यापाशी उभं राहून मित्सुएनेच ते विसळलं होतं. कचरागाडीला कॅन-बाटल्या द्यायच्या म्हणजे आधी धुवायच्या, लेबल काढायचं, हे हातांना चाळीस वर्षं ठाऊक. हातांनी तिला विचारलंदेखील नव्हतं.

कोणी कोणाकडे बघेना.

"मग ठरलं," ओगिसो म्हणाले. "उद्यापासून ज्याने त्याने रोज आपापल्या दारापुढचं झाडायचं. ज्याच्या दारात कचरा सापडेल, त्याने जाब द्यायचा. हे एकत्र जमणं बंद."

माना डोलल्या. हात्सुमीबाईंनी प्रेमाने मित्सुएच्या दंडाला हात लावला.

"बरं झालं हो, तुमची तर सोयच झाली. आता आजींना टाकून एवढ्या लांब यायला नको."

"हो ना," मित्सुए म्हणाली. "फार बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झाडू घेऊन बाहेर आली. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चार पावलं. चार जाताना, चार येताना. तिने तीनदा झाडलं. पाचवं पाऊल हात्सुमीबाईंच्या हद्दीत पडलं असतं. तिथे एक वाळकं पान होतं. ती हद्दीशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

आत घंटा वाजली.