गोळी आणि चप्पल

क्षयाची ही गोळी जंतूंमधली प्रथिनं बनवणारी यंत्रणा बंद पाडते. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म कण फार पूर्वी जंतूच होते, त्यामुळे गोळी त्यांचीही यंत्रणा बंद पाडते. मग शरीरातल्या सर्वांत लांबच्या, म्हणजे पायांच्या, नसा उपाशी राहतात. डॉक्टरीणबाईंनी रतनआबांना हे समजावलं. “म्हंजी गोळीला आपला-परका कळत न्हाई,” आबा म्हणाले. “पाय बधिर वाटतात का?” “न्हाई. बेस हायेत.” खरं सांगितलं तर गोळी थांबेल, खोकला परत येईल. खोकल्यापायी आजोळी पाठवलेली नात कालच घरी आली होती. तेवढ्यात बायको धापा टाकत आत आली. “दवाखान्याच्या फाटकापासनं हाका मारतीया. ही तितंच पडली तुमची,” म्हणत तिनं एक चप्पल पुढं केली. टेबलापलीकडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुठल्या पायातली, आबा?” उत्तर द्यायला आबांना खाली बघावं लागलं.