वन्स मोर

"कमलेश कोर्टात पलटला नाही, तं भर बाजारात अर्धी मिशी काढून घेईन," घनश्याम म्हणाला.

"अन् पलटला, तं सबन चौकाले माह्याकडून आलूबोंडे," कढईतला झारा न थांबवता रुखमिणी म्हणाली. "पर तुह्या मिशीत अर्धं कराले हाये काय गा?"

शेजारच्या पानठेल्यावर हशा पिकला. पैज लागली.

घनश्यामला खात्री होती. बौद्ध वस्तीतला तेजराम झोपडीत जळून मेला, त्याला दोन वर्षं झालेली. चूल भडकली म्हणून प्रकरण मिटलंही होतं. मग कमलेश आपल्या पायांनी ठाण्यात गेला. तलावाच्या पाण्यावरून त्या वस्तीशी भांडण होतं, म्हणून मी आणि हेमराजने आग लावली, म्हणाला, आणि माफीचा साक्षीदार झाला. हेमराज त्याचा लंगोटीयार. ऐन वेळी शेपूट घालणार, दुसरं काय?

साक्षीच्या दिवशी घनश्याम मजा पाहायला भंडाऱ्याला गेला. पुढे आरोपी हेमराज, मान ताठ. मागच्या बाकावर तेजरामची बायको मालनबाई. आग लागली तेव्हा ती माहेरी होती.

हेमराजच्या वकिलाने विचारलं, "दोन वर्षं तोंड उघडलं नाही. आताच का?"

कमलेश खाली पाहत बोलला.

"कडी आमीच बाहेरून लावली होती. आमचा आवाज आयकून तेजरामले वाटलं, वाचवाले आले. आतून म्हने, 'आलात का गा पोरंहो? कडी अटकली, जरा पाहा.' यंदा मंडईच्या जत्रेतल्या नाटकात हेमराज पेटीत कोंडला जाते. तवा त्यानं तेच म्हटलं. तसाच आवाज काढून. लोकं हासले. मी बी हासलो. मंग पाह्यलं, समोर मालनबाई बसली होती. ती बी हासून राहिली होती."



त्या नाटकाला घनश्याम पहिल्या रांगेत होता. वन्स मोर त्यानेच मागितला होता. हेमराजने दिलाही होता.

मंगळवारच्या बाजारात घनश्याम टिकाराम न्हाव्यासमोर जाऊन बसला. लोक जमले. रुखमिणी कढई सोडून आली.

"राहू दे गा. मस्करीत बोललो होतो आपन."

"कोनती बाजू काढू?" टिकारामने विचारलं.

"सगळी. अन् डोकं बी."

टिकारामचा वस्तरा थांबला. घरचं माणूस गेल्याशिवाय असं कोणी सांगत नाही.

"कोन गेलं गा घरचं?"

घनश्यामने मान पुढे केली.

"तेजराम."