गच्चीवरचं ऊन

सरकारी अनुदान मिळालं आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सौर पॅनल बसले. थंडीभर तिथे पाठ शेकत बसणाऱ्या बाबांची खुर्ची खाली, मागच्या गारठलेल्या खोलीत आली.

“सूनबाई, एका कोपऱ्यात मावेन गं मी.”

“मावाल हो बाबा, पण तुमची सावली पॅनलवर पडते. तेवढी वीज कमी होते.”

चार दिवसांत बाबांची पाठ धरली. मुलाचा जीव तुटला. तो तडक बाजारात गेला आणि हीटर आणून त्याने खुर्चीमागे ठेवला.

“दिवसभर चालू ठेवा, बाबा. वीज आता घरचीच आहे!”

हीटर लाल झाला. बाबांनी पाठ सैल सोडली, डोळे मिटले.

“ऊन ओळखीचं वाटतंय रे,” ते म्हणाले.