चार मिलिमीटर

अंगठ्याचं नख पिवळ्या पट्टीच्या टोकाशी टेकलेलं होतं. दोन मिनिटं ते जागचं हललं नव्हतं. नखाखालची कातडी दाबून पांढरी पडली होती.

"सांग ना," बाई म्हणाल्या. "एक चतुर्थांश मोठा की एक पंचमांश?"

"थांबा ना, बाई."

वर्ग खिदळला. चौथीत या मुलीचं नावच 'थांबा' पडलं होतं.

बाईंनी खडू टेबलावर आपटला. अपूर्णांकांचा हा एकच धडा तीन आठवडे मानगुटीवर बसला होता. त्यासाठी त्यांनी स्वतः पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या होत्या. पिवळा पुठ्ठा दुकानातून आणला होता, निळा शाळेच्या कपाटात पडून होता. पिवळ्या पट्टीचे चार सारखे भाग, निळीचे पाच. प्रत्येक मुलाच्या पाकिटात एक पिवळा तुकडा आणि एक निळा. बत्तीस पाकिटं. रविवार त्यातच गेला होता आणि कात्रीने बोटाला फोड आला होता. एवढं करून एकतीस मुलं उत्तर बरोबर देत होती. ही एकटी पट्ट्या मांडायची, बघत बसायची आणि उलटंच सांगायची.

दाराशी मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणायची. त्यांच्या हातात तो कागद होता. मुलीला तिसरीत बसवण्याची शिफारस. खाली वर्गशिक्षिकेच्या सहीची जागा तीन आठवडे कोरी होती. तिसरीत मुलीचा धाकटा भाऊ शिकत होता. आता दोघं एका बाकावर आली असती.

"बाई, तुमचं तळ्यात-मळ्यात किती दिवस चालणार?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आज मला काय ते सांगा."

बाईंनी पेन उघडलं. मग मुलीकडे वळल्या. "शेवटचं विचारते. मोठं कोण?"

"एक पंचमांश."

"अगं, छेद मोठा तर तुकडा छोटा!" पहिल्या बाकावरचा मॉनिटर ओरडला. "झोपेतसुद्धा येतं आम्हाला!"

"डोळे आहेत ना तुला?" बाईंचा आवाज चढला. "पट्ट्या बघून सांग म्हटलं ना? मग बघत का नाहीस?"

"बघते की, बाई." मुलीने नाक ओढलं. "रोज बघते."

तिने निळा तुकडा पिवळ्याच्या खाली सरकवला. डावीकडच्या कडा नीट जुळवल्या. उजवीकडे, नखाच्या पलीकडे, निळा रंग थोडासा बाहेर डोकावत राहिला.

बाई वाकल्या. मग त्यांनी कंपासपेटीतली मोजपट्टी उचलली. पिवळा तुकडा सहा सेंटिमीटर. निळा सहा सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर.

त्यांनी मॉनिटरचं पाकीट घेतलं. सहा. सहा आणि चार मिलिमीटर. शेजारच्या मुलाचं पाकीट मागितलं. त्याने ते दप्तराच्या तळातून काढून दिलं. पाकिटाला मारलेली पिन अजून निघालेलीच नव्हती.

बाई मनात गुणाकार करू लागल्या. अख्खी पिवळी, सहा चोक चोवीस. अख्खी निळी, सहा पूर्णांक चार दशांश गुणिले पाच, बत्तीस. त्या रविवारी त्यांनी प्रत्येक तुकडा त्याच रंगाच्या दुसऱ्या तुकड्यावर ठेवून दोनदा पडताळला होता. पिवळे सगळे सारखे होते, निळे सगळे सारखे होते. पण कापण्याआधी अख्खी पिवळी पट्टी अख्ख्या निळीशेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

मुलगी नाक पुसत होती. दुसऱ्या हाताचं नख तिने अजून उचललं नव्हतं.

"काय चाललंय तुमचं?" मोठ्या बाई कागद पुढे करत म्हणाल्या. "हिचं काय ठरलं, ते सांगा एकदाचं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"ही चौथीतच बसेल, मोठ्या बाई. बघायला शिकायचं राहिलंय ते उरलेल्या एकतीस जणांचं. आणि माझं."